कान कुठे आहेत ते बघा

अर्ध्या दारांच्या वर एका ओळीत डोकी आहेत. तपकिरी, काळसर, एक पांढुरकं. चंदीची बादली अजून कोपऱ्यावरच आहे, पण तिची कडी वाजली आणि सगळे कान तिकडे वळले. सईस पहिल्या खणाशी थांबतो. तिथले कान सैल पडतात. शेजारच्या खणातले मागे चपटे होतात आणि दारावर एक खूर आपटतो. "हौ रे हौ, तेरा बी है," सईस मान वर न करता म्हणतो. बादलीत भिजवलेला हरभरा आहे, कोंडा, थोडी जई, वर मीठ. वास ओला आणि गोडसर.

सहा वाजायला आलेत. मे महिना आहे, म्हणून तालीम इतक्या लवकर सुरू होते. साडेआठनंतर इथे कुणी घोड्यावर बसत नाही.

हैदराबादबाहेर गंडीपेटचा तलाव मागे टाकून मोईनाबादच्या बाजूला वळलं की अशी मैदानं लागतात. पत्र्याचं छप्पर, चार लिंब, पांढऱ्या रंगाचं लाकडी कुंपण आणि आत वाळू. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने शहर धुऊन नेलं, त्यानंतर हा तलाव बांधायला घेतला. १९२० साली तो पुरा झाला. त्याच्या पाणलोटात बरीच वर्षं बांधकामावर बंधनं होती. घोड्यांना पाय मोकळे करायला जागा उरली ती त्यामुळे. लांबवर कोकापेटचे काचेचे मनोरे दिसतात, त्यांच्या अलीकडे एकावर एक रचल्यासारखे खडक. खडकांमागून मोर ओरडतो. एकही घोडा त्याच्याकडे लक्ष देत नाही. मोर रोजचाच.

लिंबाखाली खरारा चालू आहे. कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा उंच घोडा दोन्ही बाजूंनी सैल बांधलाय. सईसाचा हात रबरी खराऱ्याने गोल गोल फिरतो, केस आणि धूळ उडते, मागून ब्रश येतो. घोड्याची मान हळूहळू खाली जाते. खालचा ओठ लोंबायला लागतो. पोटाशी, खोगिराच्या पट्ट्याच्या जागी, सईस ब्रश बाजूला ठेवून नुसता तळहात टेकवतो. तिथली कातडी एकदम थरथरते.

"इधर गुदगुदी होती इसकू."

घोड्याच्या अंगावर माशी बसली तर जिथे बसली नेमकी तेवढीच कातडी हलते. थोड्या वेळाने याच कातडीवर स्वाराच्या पोटऱ्या टेकणार आहेत.

पाठीच्या उंचवट्यावर नाण्याएवढा पांढऱ्या केसांचा ठिपका आहे. वयाचा नव्हे. कधीकाळी चुकीच्या मापाचं खोगीर बराच काळ घासत राहिलं, त्याची खूण. कातडी बरी होते, केस मात्र पांढरेच उगवतात. त्या दिवसांत हा घोडा उधळत असेल, मागे लाथा झाडत असेल, आणि कुणीतरी त्याला खोडकर म्हटलं असेल. आताही तंग आवळताना त्याचे कान मागे जातात. सईस एकदम आवळत नाही. एक भोक, मग दोन पावलं चालवणं, मग दुसरं भोक.

नवीन आलेला एक तरुण मोबाईल खिशात घालतो आणि सरळ घोड्याच्या तोंडासमोर येऊन कपाळावर हात ठेवायला जातो. डोकं झटकन वर. तरुण दचकून मागे.

"सामने से नक्को, साब. बाजू से आओ. आवाज देते आओ."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. ३६० अंशांपैकी जवळजवळ ३५० अंश त्याला दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या सरळ मागचं. प्रेमाने कपाळ थोपटायला येणारा माणूस शेवटच्या क्षणी नाहीसा होतो आणि एकदम हात लागतो. तरुण बाजूने येतो, खांद्याशी उभा राहतो, मानेला हात लावतो. घोडा त्याच्याकडे एक कान करतो. फक्त एक. दुसरा अजून चंदीच्या बादल्यांकडेच आहे. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात, पुढून पार मागेपर्यंत.

रविवारच्या पहिल्या तुकडीत मराठी बोलणारे बरेच दिसतात. एकाने दुसऱ्याला सांगत जमलेले. शिकवणारे सर सोलापूरकडचे, घोडदळातून निवृत्त. सईस त्यांना उस्ताद म्हणतो. अंगाने सडपातळ, पाय किंचित बाकदार, काखेत एक लांब चाबूक जो सहसा काखेतच राहतो. त्यांचा आवाज मात्र मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो.

हेल्मेटसाठी रांग आहे. लोखंडी कपाटात वेगवेगळ्या मापांची हेल्मेटं, आत दुसऱ्यांच्या घामाचा वास. एक डोक्यावर घालायचं, मान हलवायची, सैल वाटलं की परत द्यायचं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, गच्चीबावलीत राहणारी एक तरुणी हनुवटीचा पट्टा लावते, काढते, पुन्हा लावते. तिच्या मागे अकरा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई. आईचं माहेर काचीगुड्याचं. बोलताना मराठीत मधूनच "नै तो" येतं.

"आई, मला कुमाईतच पाहिजे."

"सर देतील तो घ्यायचा. हट्ट नाही."

सर फळ्यावर नावं लिहितात. कुमाईत त्या तरुणीला. मुलाला पांढुरकी घोडी, दोरीवर. मुलाचं तोंड पडतं.

स्वारी डावीकडून. दोन पायऱ्यांच्या लाकडी ठोकळ्यावर चढायचं, डावा पाय रिकिबीत, उजवा वरून पलीकडे. अलगद बसायचं, धपकन नाही. तरुणी बसते. घोडा एक पाऊल सरकतो, तिचे दोन्ही हात आपोआप खोगिराची कड पकडतात. पाच क्विंटलांच्या आसपासचं जनावर आहे. जमिनीवरून बघताना ते मोठं वाटतं. वर बसल्यावर जमीन लांब वाटते, हे वेगळं.

"कान कुठे आहेत ते बघा," सर म्हणतात.

"एक मागे आहे."

"म्हणजे तुमच्याकडे आहे. बोला त्याच्याशी काहीतरी."

काय बोलायचं हे तिला सुचत नाही. ती "हाय" म्हणते. कुंपणाशी बसलेले दोघे हसतात, तीही हसते. हसताना तिचे खांदे खाली येतात. घोडा मोठा श्वास सोडतो, नाकपुड्यांतून फुर्र असा.

चार घोडे वाळूवर फेऱ्या घालू लागतात. चालीचा आवाज मऊ आहे. चामड्याची कुरकुर, कडीचा किणकिणाट, मधूनच शेपटीचा सपकारा. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. ऊन अजून झाडांच्या वर यायचंय, पण हेल्मेटाखाली घाम सुटलाय. सर मधोमध उभे राहून स्वतःभोवती फिरतात. "टाच खाली. नजर वर. घोड्याच्या मानेकडे काय बघताय, ती कुठे जात नाही. जिथे जायचं तिथे बघा."

मग ते दुडकी चाल सांगतात.

कुमाईत दुडक्या चालीत येतो आणि तरुणी उसळायला लागते. पहिल्या दोन उसळ्यांत तिचे गुडघे वर येतात, पाठ पुढे वाकते, पोटऱ्या घोड्याच्या बरगड्यांना चिकटतात. हात छातीशी. लगाम ताणलेला. घोडा वेग वाढवतो. ती आणखी ओढते. तो आणखी वाढवतो. समोरच्या घोड्याला ओलांडून कोपरा कापून जातो. वाळू उडते.

"सर, तो ऐकत नाहीये!"

"ऐकतोय, ताई. तुमचंच ऐकतोय. लगाम ढिला करा."

ढिला? तिच्या चेहऱ्यावर अविश्वास आहे. धावणाऱ्या जनावराचा लगाम सोडायचा?

"श्वास सोडा. फूऽऽ. मेणबत्ती विझवता तसा. मांड खाली टेकवा. बोटं उघडा."

ती श्वास सोडते. तो ऐकू येतो, इतका लांब आहे. त्यासरशी पाठ सरळ होते, वजन खोगिरात बसतं, पोटऱ्या सुटतात. घोड्याचे दोन्ही कान मागे तिच्याकडे वळतात. चपटे नव्हेत, वळलेले. चार उड्या, तीन, आणि तो चालीवर येतो. मान लांब करून खाली सोडतो.

कुंपणाशी सईस बादली उपडी घालून बसलाय. "मलकपेट का है ना वो," तो म्हणतो. यात सगळं आलं, असं त्याच्या तोंडावर आहे.

मलकपेठच्या मैदानावर शर्यती आल्या १८८६ साली. त्याआधी त्या मौला अलीला व्हायच्या. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि पाच-सात वर्षांचा होईतो बहुतेकदा त्याचं काम संपतं. आयुष्य असतं पंचवीस-तीस वर्षांचं. मधल्या या सगळ्या वर्षांत तो कुठे जातो, हा प्रश्न प्रेक्षकांना पडत नाही. नशीब बरं असेल तर तो असा वाळूच्या मैदानावर येतो आणि दर तासाला नवा माणूस पाठीवर घेतो.

येताना तो आपली भाषा बरोबर आणतो. शर्यतीत जॉकी रिकिबी आखूड करून वर उठलेला असतो, लगाम ताणलेला. घोडा त्या ताणावर तोंडाचा भार टाकतो आणि पळतो. ताण म्हणजे थांब, असं त्याला कुणी शिकवलेलं नसतं; ताण म्हणजे धरून पळ. पोटाभोवती लांब पाय तर त्याने बघितलेलाच नसतो. इथे आल्यावर त्याला सगळं नव्याने शिकवतात. पोटऱ्यांचा दाब म्हणजे पुढे चल. लगामाचा हलका दाब म्हणजे हळू. तो शिकतोही. पण घाबरलेला माणूस काय करतो? आखडतो. गुडघे वर घेतो, पुढे वाकतो, पायांनी घट्ट धरतो, हातांनी ओढतो. पायांनी नवीन भाषेत सांगितलं, चल. हातांनी जुन्या भाषेत सांगितलं, पळ. तोंडाने तेवढं थांब म्हटलं, तेही किंचाळून. घोड्याने बहुमत मानलं तर त्याचं काय चुकलं?

तरुणी आता चालीवर फेरी घालतेय. चेहरा लाल. सर तिच्या बाजूने चालतात, हात खोगिरावर. आवाज एकदम खाली आलाय.

"ओढलं तेव्हा नाही शिकत तो. सोडलं तेव्हा शिकतो. तुम्ही दाब दिला, त्याने पाऊल आवरलं, त्या क्षणी बोटं उघडली पाहिजेत. एक क्षण उशीर झाला की त्याला कळत नाही, आपण काय बरोबर केलं ते."

तिच्या बोटांकडे ते बघत राहतात. ती थांबायला सांगते, घोडा थांबतो. बोटं मिटलेलीच.

"सोडा."

"सोडली की."

"बघा हाताकडे."

ती बघते. अंगठा अजून लगामावर गच्च दाबलेला आहे.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लोखंडी कडी तिथे आणि जिभेवर टेकते. हातातला तो विसरलेला अंगठा तिथे पोचत असतो. घोडा डोकं वर झटकतो, तेव्हा बघणारे म्हणतात, चिडका आहे.

ऊन कुंपणावर आलं आहे. लिंबाची सावली आखूड होत बाकाच्या एका टोकाला गेलीय आणि थांबलेली मंडळी तिकडे सरकलीत. काचीगुड्याच्या ताई पिशवीतून छत्री काढतात. खटकन उघडतात.

मैदानावरचे चारही घोडे एका वेळी डोकी वर करतात. एक आडवा सरकतो. "छत्री नक्को, अम्मा! बंद करो, हळू!" सईस उठून धावतो. ताई कावऱ्याबावऱ्या होऊन छत्री मिटतात. कुणी पडलेलं नाही. मागच्या घोड्यावरचा तरुण मात्र पुढच्या प्रत्येक फेरीत त्या बाकाजवळ आला की आधीच लगाम आवळतो. छत्री पिशवीत गेलीय, हे त्याला दिसतंय. तरी आवळतो. आणि घोडा प्रत्येक फेरीत त्याच जागी मान वर करतो.

स्वीडनमध्ये हे मोजून बघितलेलं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा होता. माणसाने घोड्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचं, किंवा त्याच्यावर बसून जायचं, चार वेळा. चौथ्या वेळेआधी त्याला सांगायचं की या खेपेला वाटेत छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि घोड्याचेही.  घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कळलं ते दोरीतून, पावलातून, पाठीवरच्या वजनातून.

सर त्या तरुणाला थांबवतात. छत्रीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "बाकाजवळ आलात की मोठ्याने एक ते दहा आकडे म्हणायचे." तो म्हणतो. तीन-चार फेऱ्या एक-दोन-तीन-चार ऐकू येतं. आकडे म्हणायचे तर श्वास सोडावाच लागतो. पुढच्या फेरीला घोडा बाकावरून सरळ निघून जातो.

बाकावर गप्पा सुरू आहेत. घोड्याला गणित येतं का, असं मुलगा विचारतोय. बर्लिनमध्ये एकाला येत होतं म्हणतात. एका निवृत्त गणित शिक्षकाचा घोडा, नाव हान्स. बेरीज विचारली की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने चिकाटीने शोध लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. खूर आपटताना बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं केसभर हलायचं. त्याला स्वतःला पत्ता नसायचा. घोडा तेवढ्यावर थांबायचा. गोष्टीतला मला आवडणारा भाग पुढचा आहे. हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःचं डोकं हलणं नीट थांबवता येईना.

"म्हणजे गणित येत नव्हतं," मुलगा निराश होतो.

"माणसं येत होती," आई म्हणते आणि त्याच्या बुटाची नाडी बांधते.

आता त्याची पाळी. पांढुरकी घोडी मधोमध आणतात. तिच्या तोंडाला लांब दोरी, दुसरं टोक सरांच्या हातात. मुलाच्या हातात लगाम देत नाहीत. रिकिबी काढून खोगिरावर आडव्या टाकतात.

"मग धरू काय?"

"काही नाही. हात पंखासारखे बाजूला."

घोडी सरांभोवती गोल फिरू लागते. मुलगा हात पसरून बसलाय. आधी तो दर पावलाला डगमगतो. मग कंबर तिच्या चालीत मिसळते, डावी-उजवी, डावी-उजवी.

"डोळे मिट."

"काय?"

"मिट रे. मी आहे ना दोरीला."

आई उठून कुंपणाशी येते. काही बोलत नाही.

"आता सांग, मागचा डावा पाय कधी टेकतो?"

बराच वेळ उत्तर नाही. घोडीच्या पावलांचा मऊ आवाज, दोरीची सळसळ. मुलाच्या भुवया आक्रसलेल्या. "आता," तो म्हणतो. चूक. "आता." पुन्हा चूक, तो उजवा होता. सर चूक सांगतात, पण बरोबर कुठे होतं ते सांगत नाहीत. एक फेरी. दोन. मुलगा बोलायचं थांबवतो. ओठ नुसते हलताहेत. मग हळूच म्हणतो, "आता... आता... आता..." आणि दर वेळी वाळूत मागचा डावा खूर टेकतो. त्याच्या बैठकीचं डावं हाड किंचित खाली गेलं की तो बोलतो. पायाकडे त्याने पाहिलेलं नाही, आणि कुणी पाहायला सांगितलेलंही नाही.

"आता तुझा श्वास मोज. ती किती पावलं टाकते एका श्वासात?"

"सर, मी श्वास घेतच नव्हतो बहुतेक."

कुंपणावरचे सगळे हसतात. सर हसत नाहीत. "बरोबर सांगितलंस," म्हणतात. हे असं मुलंच पटकन सांगतात. मोठ्यांची तुकडी मी पाहिली आहे. श्वासाचं विचारलं की मोठी माणसं आधी "घेतोय की" म्हणतात आणि मग घेतात.

फेरी चालू असताना मनात येतं, पूर्वी दख्खनच्या पागांमध्ये हे कसं शिकवत असतील? भीमाकाठच्या काटक तट्टांवर दिवसाला मैलोन्‌मैल जाणाऱ्यांना पाठीची भाषा पक्की येत असणार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. त्या हिशेबाने इथले सगळे बारगीरच. घोडा पागेचा, स्वार तासाचा. पण तेव्हाच्या बारगिराचा घोडा निदान मोहीमभर एका माणसाचा असेल. इथल्या कुमाईताला सकाळभरात तीन-चार जण भेटतात: एकाचा हात जड, एकीची टाच टोचते, एकाला पाठीवरच झोप येते. प्रत्येकाची बोली वेगळी आणि प्रत्येकाची तक्रार एकच, ऐकत नाही. काही घोडे यावर उपाय शोधतात. ऐकणंच बंद करतात. बरगड्यांवर टाचा बडवा, चाल तीच. रायडिंग स्कूलमध्ये असा घोडा नवख्यांना देतात आणि त्याला गरीब म्हणतात. तो गरीब नसतो. त्याने कान मिटलेले असतात.

तरुणी उतरलीय. पाय थरथरताहेत, ती कुंपण धरून उभी आहे. मैत्रिणीने मोबाईलवर घेतलेलं चित्रण दोघी बघतात. सावलीत पडदा नीट दिसावा म्हणून तिने ओंजळ केलीय.

"ही मी आहे?"

"तूच."

"मी उजवीकडे कलले आहे."

"हो की."

"पण मी सरळ बसले होते!" ती पुन्हा बघते. पडद्यावरच्या बाईचा उजवा खांदा खाली, डावी रिकीब वर. तिला आठवतंय ते पूर्ण सरळ बसणं. म्हणून तर डाव्या हाताला वळताना घोडा सारखा बाहेर सरकत होता; ती डावीकडे वळ म्हणत होती आणि वजन उजवीकडे ठेवून बसली होती. सर मोबाईलमध्ये डोकावतात. "पुढच्या वेळी सरळ बसाल तेव्हा तुम्हाला वाकडं बसल्यासारखं वाटेल. वाटू द्या." ती मान हलवते. लॅपटॉपची पिशवी कुठल्या खांद्याला असते, मैत्रीण विचारते. उत्तर द्यायची गरज पडत नाही.

शहरात हल्ली याच गोष्टीची महागडी शिबिरं भरतात. कंपन्यांची माणसं बसने येतात, घोड्यांमध्ये उभी राहतात, आणि त्यांना सांगतात की घोडा तुमचा आरसा आहे. मला हे वाक्य पटत नाही. आरशाला भूक नसते. आरशाच्या पाठीवर जुन्या खोगिराचा ठिपका नसतो. नॉर्वेत २३ घोड्यांना पाट्यांवरच्या खुणा शिकवल्या होत्या: ही पाटी म्हणजे पांघरूण घाल, ही म्हणजे काढ, ही म्हणजे आहे तसं राहू दे. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. सगळे घोडे दोन आठवड्यांच्या आत शिकले, आणि पाऊस-गारठा असेल तर घाल, ऊन असेल तर काढ, असं नाक लावून सांगू लागले. विचारलं तर घोड्यालाही काही म्हणायचं असतं, एवढंच. इथे मे महिन्यात पांघरूण कोण मागतोय! इथली मागणी दिसते ती आत्ता: मागच्या तुकडीतला काळसर घोडा दर फेरीला फाटकापाशी पाऊल रेंगाळवतोय. त्याचा स्वार टाच मारतो. सर टाच मारू देत नाहीत. जवळ जाऊन तंगाखाली बोट घालतात, मग पुढचा एकेक पाय उचलून बघतात. डाव्या खुरात नालेच्या आत खडा अडकलाय. लोखंडी आकड्याने तो काढतात आणि स्वाराच्या हातावर ठेवतात.

"तो मघापासून हेच सांगत होता."

सव्वाआठ. वाळू आता डोळ्यांत चमकते. वारा पडलाय. शेवटची फेरी सोडून देतात, खोगिरं उतरतात. खोगिराखालचा घामाचा चौकोन काळा, कडेला पांढरं मीठ. धुण्याच्या फरशीवर पाण्याची नळी सुरू होते. आधी पाय, मग छाती, मग पाठ. पाणी ओतायचं, पट्टीने निपटायचं, पुन्हा ओतायचं. कुमाईत नळीच्या धारेतच तोंड घालतो. साध्या दिवसांतही घोड्याला रोज २५-३० लिटर पाणी लागतं. या दिवसांत हौदापाशी बादल्या मोजायचं कुणी मनावर घेत नाही. तरुणी गाजर घेऊन येते, बाजूने येते, आवाज देत येते. तळहात सपाट ठेवायला तिला सांगावं लागत नाही.

मुलगा घोडीची शेपूट विंचरतोय. तिच्या सरळ मागे उभा आहे असं दिसताच सईस त्याला दंडाला धरून बाजूला आणतो आणि घोडीच्या पुठ्ठ्यावर त्याचा हात ठेवतो. "हात रखके घूमो. उसकू मालूम रहना तू कहाँ है."

सईसाला आज लवकर निघायचंय. त्याचे वडील वरातीची घोडी न्यायचे. आता भाऊ नेतो, आणि आज शालिबंड्याला लग्न आहे. वरातीत स्वाराला काहीच दिसत नाही. तोंडावर फुलांचा सेहरा, पुढ्यात एखादं लहान मूल बसवलेलं. मर्फा वाजतो, पोरं नाचतात, कुणीतरी पायाशी फटाक्यांची माळ लावतो. घोडीच्या कानात कापूस घालतात, हे सईसाने मला सांगितलेलं आहे. सगळा भरवसा दोरी धरून चालणाऱ्याच्या खांद्यावर. तो खांदा ताठला की घोडी ताठते, म्हणून भाऊ वरातीत सारखा काहीतरी गुणगुणत असतो.

फोन वाजतो. भाऊच आहे. सईस नळी दुसऱ्या पोराकडे देतो, ओला हात लुंगीला पुसतो.

"दूल्हा कभी बैठा क्या घोड़े पे?" तो विचारतो. पलीकडून काही उत्तर येतं. "नै बैठा? अच्छा है. बोलो उसकू, कुछ नक्को करना. खाली बैठना."